पाप कुणाचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये एका मित्राने मला विचारले, “तुझ्या आज्याने बाप्तिस्मा घेतला म्हणून तू ख्रिस्ती जन्मलास, हे समजले. पण शिकूनसवरून, बाबासाहेब वाचून तू ख्रिस्ती राहिलास कसा, हे काही समजत नाही.” मित्र बौद्ध आहे, राज्यशास्त्र शिकवतो. मी मराठी शिकवतो. घड्याळी तासिकांवर, नऊ वर्षे झाली. त्याच्या प्रश्नात उपहास असता तर मी चहा संपवून उठलो असतो. तसा तो नव्हता, म्हणूनच लागला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे मला साधलेले उत्तर आहे.

बुलढाणा जिल्ह्यात माझ्यासारख्याची अवस्था चमत्कारिक आहे. गाव मला मांगच समजते. आज्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हाही समजत होते, आजही समजते. चळवळीतल्या मित्रांना मी १९५६ च्या दीक्षेच्या बाहेर राहून गेलेला, वाट चुकलेला माणूस वाटतो. आणि मी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत चालतो म्हणून मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना माझ्या विश्वासाबद्दल शंका येते. तिन्ही ठिकाणी मी आरोपी आहे.

आरोपी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ख्रिस्ती परंपरेत श्रद्धेचे समर्थन हे एक जुने शास्त्र आहे आणि त्याचा मूळ ग्रीक शब्द आहे अपोलोजिया. त्याचा अर्थ न्यायासनासमोर आरोपीने स्वतःच्या बचावासाठी केलेले निवेदन. म्हणजे आरोप आधी, समर्थन मागून. तेव्हा आरोप कोण करतो आणि काय करतो, यावर त्या समर्थनाचे सगळे रूप अवलंबून असते. मराठीत हे समर्थन चारशे वर्षे चालू आहे. ते कोणापुढे चालले, हे आपण एकदा नीट पाहिले पाहिजे.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. मराठी भाषेचे त्याने केलेले कौतुक आम्ही वर्गात शिकवतो. पण त्या ग्रंथात शंका विचारतो कोण? ब्राह्मण. पाद्री उत्तरे देतो. पुढे १८३०-३१ च्या सुमारास मुंबईत जॉन विल्सन वादाला उभा राहिला तेव्हा समोर मोरभट दांडेकर होते. मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सनने तिचे खंडन लिहिले. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद गाजले. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही दर्शनांशी झुंज घेतली. ब्रह्म निर्गुण असेल तर जग कशातून आले? माया खरी की खोटी? अवतार आणि ख्रिस्त यांत भेद काय? या वादांतली बुद्धी अस्सल आहे आणि मी त्यांना हसत नाही. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख मराठी गद्यात आणले. पंडिता रमाबाईंनी तर १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर आपल्याच धर्मगुरूंना प्रश्न विचारून हैराण केले. बाईने आणि तेही हिंदी बाईने मान खाली घालून सगळे स्वीकारावे, ही अपेक्षा तिने मोडली. मला या सगळ्या नामावळीत रमाबाई सर्वांत जवळच्या वाटतात.

परंतु या काळात आणखी एक प्रश्न विचारला गेला होता, आणि तोही एका ख्रिस्ती नियतकालिकातच छापून आला होता. १८५५ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदया’त मुक्ता नावाच्या शाळकरी मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध आला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, जातीने मांग. तिचा प्रश्न दर्शनांचा नव्हता. वेदांवर अधिकार फक्त ब्राह्मणांचा असेल आणि आम्हांला दुसरा ग्रंथ नसेल, तर आम्ही धर्मरहितच ठरतो. तर देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग, अशा आशयाचे ती विचारते. पेशवाईत मांगमहारांना इमारतींच्या पायात पुरले जाई हे ती लिहिते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हेही ती लिहिते.

मुक्ता ख्रिस्ती नव्हती आणि तिला ख्रिस्ती ठरवण्याचा माझा इरादा नाही. एवढेच सांगायचे आहे, की मिशनच्या पत्राने तिचा प्रश्न छापला, हे त्या पत्राचे मोठेपण. आणि समर्थन करणारे पंडित मात्र पुढेही मोरभटांच्या प्रश्नांतच रमले. मोरभट विचारतो, तुमचा देव खरा कशावरून? मुक्ता विचारते, कोणत्या देवाच्या दारात मला उभे राहता येईल? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आम्ही, म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसांनी, पहिल्याची उत्तरे पाठ केली आणि दुसऱ्यापुढे नाताळची गाणी म्हणत बसलो.

ही रीत बाबासाहेबांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. १९३५ साली येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केल्यावर सगळ्याच धर्मांचे लोक त्यांच्या दारी आले. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचे आपल्याला आकर्षण आहे असे सांगितले, आणि त्याच भाषणात ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढत नाही हेही तोंडावर सांगितले. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले दीर्घ निबंध त्यांच्या हयातीत प्रकाशित झाले नाहीत; १९८९ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात ते आले. आमच्या पाळकांपैकी किती जणांनी ते वाचले असतील? मी एम.ए.ला असताना वाचले आणि दोन दिवस कोणाशी नीट बोललो नाही.

त्यांतले आरोप मला तीन दिसतात. मिशनऱ्यांनी आधी ब्राह्मणांना वळवण्यात वर्षे घालवली आणि अस्पृश्यांकडे ते उशिरा वळले. मंडळीत आल्यावरही जात गेली नाही, हा पहिला. ख्रिस्ती झालेला अस्पृश्य आपल्या पूर्वीच्या बांधवांच्या लढ्यात उतरत नाही, हा दुसरा. आणि तिसरा सर्वांत खोल आहे: तुझ्या हीन दशेचे कारण तुझ्या भोवतालची समाजव्यवस्था नसून तुझे स्वतःचे पाप आहे, असे ख्रिस्ती शिकवण त्याला सांगते, मग तो व्यवस्थेविरुद्ध उठेल कसा?

पहिल्या दोन आरोपांवर मी बचाव करणार नाही. मी लहान असताना ज्या मंडळीत जात असे, तिथे पूर्वाश्रमीचे महार भिंतीच्या एका अंगाला बसत आणि मांग दुसऱ्या. कोणी बसवत नसे, बसले जाई. प्रभुभोजनाचा प्याला कोणत्या बाजूने फिरायला सुरुवात होते यावरून एकदा वडीलमंडळींत बोलाचाली झाली, ती मी दाराआडून ऐकली आहे. मिशनच्या शाळांनी आणि वसतिगृहांनी शिकवलेली आमची मुलेमुली शिक्षक झाली, परिचारिका झाली, मुंबई-पुण्याला गेली, आणि गावच्या विहिरीचा प्रश्न गावातच राहिला. आरोप कबूल.

मात्र याच ठिकाणी एक आरोप बाबासाहेबांचा नसताना आमच्यावर रोज केला जातो, त्याचा निकाल लावून टाकतो. तो म्हणजे, दुष्काळात भाकरीसाठी बाटलेले लोक. आमच्या वऱ्हाडात अलायन्स मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला, खामगाव अशी ठाणी केली. १८९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ मुले सांभाळली. शेजारी जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जमीन मिळवून बेथेल नावाची वस्ती उभी केली होती, तिथे राहायला आलेले बहुसंख्य मांग आणि महारच. हे शेषाद्री स्वतः ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. आता भाषा पाहा. शेषाद्री ख्रिस्ती झाले तर ते सत्यशोधन. त्यांच्या वस्तीवर आलेला मांग ख्रिस्ती झाला तर ते पोटासाठी. भरल्या पोटाने केलेला शोध तेवढा शोध, आणि उपाशी पोटाचा शोध म्हणजे लाचारी! ज्या प्रभूने शिष्यांना प्रार्थना शिकवली, त्याने रोजची भाकरी मागायला त्या प्रार्थनेतच शिकवले आहे. माझा आजा केकताडाचे दोर वळायचा, डफडे वाजवायचा. त्याने भाकरी मागितली असेल तर त्याला ती जिथे मिळाली त्या दाराला तो देवाचे दार म्हणाला, यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. ज्यांनी दिली नाही त्यांनी लाजावे.

आता तिसरा आरोप. त्याला मी ग्रंथातून उत्तर देणार होतो; मूळ पापाच्या सिद्धांतावर टिपणेही काढली होती. पण त्याचे उत्तर मला आमच्या घरातच द्यावे लागले.

माझ्या थोरल्या चुलत्याचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, बटईने शेत करायचा. सोयाबीन आणि थोडी कपाशी. जमीन त्याच्या नावावर नाही, म्हणून पीककर्ज नाही; पीककर्ज नाही, म्हणून सावकार. एका वर्षी पाऊस लांबला, दुबार पेरणी झाली, आणि पीक काढणीला आले तेव्हा झोडपून पडला. त्या हिवाळ्यात त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस मेला तर त्याच्या घराला शेतकरी म्हणून मदत मिळवताना काय होते, हे या जिल्ह्यातल्या वाचकाला सांगायला नको.

दफनविधीसाठी पाळक आले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. आत्महत्या हे पाप आहे, तेव्हा उपासना लहान करू आणि गीते नकोत, असे तो हळू आवाजात म्हणाला. मोठी माय ओट्यावर बसली होती. तिला अक्षरओळख नाही. ती म्हणाली, “पाप कोनाचं हाय, पाळकसायब? बँकेनं देल्लं नाही. सावकारानं देल्लं, त्यानं रगत पेलं. मालकानं अर्धा हिस्सा आधीच मोजून घेतला. अन् पाप माह्या लेकाचं?”

मुक्ताचा निबंध मी दरवर्षी वर्गात शिकवतो. त्या दिवशी तो मला आमच्या ओट्यावर ऐकू आला.

योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. रस्त्यात जन्मांध माणूस बसलेला असतो. शिष्य येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापाने, याच्या स्वतःच्या की आईबापांच्या? प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. जन्मावरून पाप मोजायचे ही आपल्याकडची सर्वांत जुनी विद्या. मांगाच्या पोटी आलास म्हणजे मागच्या जन्मी काही तरी केले असशील. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. याचेही नाही, आईबापांचेही नाही. आणि तो भाषण करत बसत नाही; माती कालवून त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर नेमका हाच घाव घातला आहे: गरिबांच्या आणि दलितांच्या दशेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, एवढाच या सिद्धांताचा उपयोग, असे ते म्हणतात. या एका मुद्द्यावर नाझरेथचा सुताराचा मुलगा आणि महूचा सुभेदाराचा मुलगा समोरासमोर नाहीत, शेजारी उभे आहेत. मी ख्रिस्ती राहून बाबासाहेब वाचू शकतो तो या जागेवरून.

मग मूळ पाप? ऑगस्टिनने चौथ्या-पाचव्या शतकात त्याची जी मांडणी केली तिच्यात अनेक अडचणी आहेत. बालकाला जन्मतः दोषी ठरवणे मला आजही पटत नाही. परंतु जातिव्यवस्थेच्या देशात त्या सिद्धांताचा एक अर्थ आपल्या लक्षात येत नाही. कोणाचाही जन्म शुद्ध नाही, असे तो सांगतो. पुरोहिताचा नाही, पाटलाचा नाही, पोपचा नाही. शुद्ध जन्म आणि अशुद्ध जन्म अशी जिथे माणसांची वाटणी झाली आहे, तिथे हे विधान सुरुंगासारखे आहे. अडचण अशी, की सुरुंग नेऊन पेरला मांगवाड्यात. दारू पिऊ नका, मेलेले जनावर खाऊ नका, डफडे वाजवू नका, ही सगळी पापे मिशनऱ्याने आम्हांला समजावून सांगितली. पाटलाच्या विहिरीवर जाऊन त्याने पापाचे प्रवचन केल्याचे आमच्या गावात कोणाच्या आठवणीत नाही. बायबलमधला आमोस हा गुराखी. त्याने पापाचे नाव घेतले ते धान्याची मापे लहान करणाऱ्यांना आणि पायताणाच्या जोडाच्या किमतीत गरिबाचा सौदा करणाऱ्यांना. तेव्हा बाबासाहेबांच्या आरोपावर माझे म्हणणे असे: शिकवण खोटी नव्हती, पत्ता चुकीचा होता. ही पळवाट आहे असे माझ्या मित्राला वाटते. चारशे वर्षे पत्ता चुकतो, तेव्हा टपालवाल्याचा हेतू तपासावा लागतो, असे तो म्हणाला. त्याचे हे बोलणे मला खोडता आलेले नाही.

क्षमेचेही असेच झाले आहे. दलित ख्रिस्ती माणसाला क्षमा लगेच शिकवली जाते. अन्याय करणाऱ्याने माफी मागायच्या आधीच आम्ही माफ करून मोकळे! पण जक्कय नावाचा जकातदार येशूला घरी नेतो तेव्हा काय होते? तो उभा राहून सांगतो की निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो. आणि त्यानंतर येशू त्या घराला तारण मिळाल्याचे सांगतो. चौपट परतफेड ज्या क्षमेत नाही, ती मोठ्या मायने सावकाराला करावी असे मी तिला सांगू शकत नाही. पाळकांनी सांगितले. तिने ऐकून घेतले आणि भांडी घासायला गेली.

इथपर्यंत माझ्या मित्राला माझे बोलणे मान्य होते. हे सगळे तर माणुसकीनेही सांगता येते, म्हणाला. त्यासाठी देव कशाला? खरा वाद इथे आहे आणि मी तो टाळणार नाही.

येशूचा मृत्यू हा राज्यसत्तेने दिलेला देहदंड होता. त्याला मारले ते शहराच्या वेशीबाहेर; इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात हे मुद्दाम नोंदले आहे. आपल्या भाषेत, गावकुसाबाहेर. देव आहे की नाही हे मी सिद्ध करू शकत नाही. विज्ञानाचे विद्यार्थी मला विचारतात तेव्हा मी तसे स्पष्ट सांगतो. माझा विश्वास अधिक अरुंद आहे: देव असेल तर तो गावकुसाबाहेर मारला गेलेला आहे, आत बसून पूजा घेणारा नाही. १९८१ साली अरविंद निर्मल यांनी बंगलोरच्या धर्मविद्यालयात दलितांच्या, शूद्रांच्या बाजूने ईश्वरविद्येची मांडणी सुरू केली, तिचा गाभा हाच होता. देव सेवक आहे, राबणारा आहे, आमच्या कामांची त्याला ओळख आहे. मराठी माणसांना या चळवळीची फारशी माहिती नाही. मद्रास-बंगलोरच्या इंग्रजी पुस्तकांत ती राहिली.

“पण मारला गेलेला देव माणसाला मरायला शिकवेल,” मित्र म्हणाला. “बुद्धाने असले कोणतेही आश्वासन दिले नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते दूर करता येते, बस्स. म्हणून तो मला प्रामाणिक वाटतो.” मलाही वाटतो. परंतु माझ्या चुलतभावाच्या बाबतीत ते ‘दूर करता येते’ कधी लागू होणार? त्याचे कारण आपण शोधले, मोर्चा काढला, पुढच्या बटईदाराला पीककर्ज मिळवून दिले, तरी हा माणूस मातीखालीच. ज्याच्यावर झालेल्या अन्यायाचा निकाल लागण्यापूर्वीच तो मेला, त्याच्या खटल्याचे काय? पुनरुत्थानाचा अर्थ मला इथे कळतो. राज्याने दिलेला निकाल वरच्या न्यायालयाने फिरवला, ही ती बातमी आहे. ती बातमी आणली बायांनी. ज्या समाजात बाईची साक्ष सहसा ग्राह्य धरत नसत तिथे चारही शुभवर्तमाने पहिल्या साक्षीदार म्हणून बायांची नावे देतात, आणि लूक हेही लिहून ठेवतो की शिष्यांनी प्रथम त्यांचे बोलणे बडबड समजून सोडून दिले. बनाव करणाऱ्याने असे साक्षीदार निवडले नसते. हा पुरावा नव्हे, हे मला माहीत आहे. पण माझ्या घराण्यात आजवर कोणाचीच साक्ष कुठे धरली गेली नाही, आणि म्हणून या साक्षीला मी सहज झटकू शकत नाही.

ईयोबाच्या पुस्तकातही उत्तर नाहीच. त्याची मुले मेली, जनावरे गेली, अंगावर फोड आले. तीन मित्र येऊन त्याला पटवतात की तुझे काही तरी पाप असणार. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. ईयोबाला मात्र दुःखाचे कारण शेवटपर्यंत कळत नाही. त्या दिवशी दफनभूमीत पाळकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी ईयोबाचे मित्र सांगितले आणि थांबलो. गीतेही म्हटली. मोठ्या मायनेच सुरू केली. मग पाळकांनीही म्हटली. माझा बौद्ध मित्र मागे उभा होता. त्याने मूठभर माती टाकली.

आता कायद्याचे बोलले पाहिजे, कारण या देशात विश्वासाला रकाना आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. मद्रासच्या रस्त्यावर जोडे शिवणारा एक ख्रिस्ती चर्मकार, सूसाई, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ साली न्यायालयाने त्याला सांगितले की धर्मांतरानंतरही तितकेच तीव्र हाल चालू असल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. रस्त्यावर बसून जोडे शिवतो, हा पुरावा कमी पडला. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. २०२२ साली सरकारने याच प्रश्नावर न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि नोकरीसाठी हिंदू म्हणवायचे, ही संविधानाची फसवणूक आहे.

माझ्या बापाच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी ‘ख्रिश्चन’ लिहिले. थोरल्या चुलत्याच्या दाखल्यावर दुसऱ्या मास्तरांनी ‘हिंदू मांग’ लिहिले. एकाच आज्याची मुले, एकाच दिवशी बाप्तिस्मा झालेली, एकाच बाकावर बसणारी. त्यामुळे मला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळाली नाही आणि चुलतभावाला बारावीपर्यंत मिळाली. उद्या गावात मला कोणी जातीवरून मारले तर अत्याचार प्रतिबंधक कायदा माझ्यासाठी नाही, त्याच्या मुलासाठी आहे. मारणारा मात्र दाखला पाहून मारणार नाही.

तो मुलगा, माझा पुतण्या, यंदा दहावीला आहे. रविवारी उपासनेत तबला वाजवतो. मागच्या आठवड्यात वहिनी शाळेचा अर्ज घेऊन आली. नाव, जन्मतारीख, आईचे नाव तिने पोराकडून भरून घेतले होते. धर्माचा आणि जातीचा असे दोन रकाने कोरे होते. “भाऊजी, तुम्ही शिकलेले,” ती म्हणाली, “इथं काय लिहू, ते तुम्हीच सांगा.” मी तिला म्हटले, ठेव, पाहतो. अर्ज माझ्या टेबलावर आहे, आणि तो सोमवारी शाळेत द्यायचा आहे.